सत्तरीत मोडी शिकताना डोक्यात काय घडतं

'इहिदे सितैन मया व अलफ.' पेशवाईतल्या कागदांवर तारखेच्या जागी असे शब्द भेटतात. हे एक साल आहे. कोणतं, ते लगेच सांगत नाही. आधी तुम्ही अंदाज बांधा. शब्द मूळचे अरबी. मधला 'व' सोडला तर प्रत्येक शब्द म्हणजे एक आकडा. चारही आकड्यांची बेरीज करायची, तिच्यात आणखी एक ठरलेला आकडा मिळवायचा, की इंग्रजी साल हाती येतं. त्या साली काय घडलं ते शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असतं. उत्तर पुढे येईल. तोवर प्रश्न मनात असू द्या, कारण या लेखाचा विषयच तो आहे: एखादा प्रश्न मनात घर करून बसतो तेव्हा आत काय घडतं, आणि वय वाढलं की त्यात काय बदलतं.

उतारवयात डोकं तल्लख ठेवायला काय करावं असं विचारलं की बहुतेक ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं: शब्दकोडी सोडवा, सुडोकू करा. उत्तर चुकीचं नाही, पण फार अपुरं आहे. ते का अपुरं आहे हे समजून घ्यायला मोडी लिपीच्या वर्गासारखी जागा नाही. राज्यात ठिकठिकाणी असे वर्ग भरतात. त्यांत इतिहासाचे विद्यार्थी असतात, जमिनीचे जुने कागद लावून घ्यायला आलेले असतात, आणि साठी-सत्तरी ओलांडलेलेही असतात. कुणी बँकेतून, कुणी शाळेतून, कुणी महसूल खात्यातून निवृत्त झालेलं. मोडी सगळ्यांनी शिकलीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण म्हाताऱ्या डोक्याची दुबळी बाजू आणि बळकट बाजू, दोन्ही तिच्यात एकाच ओळीवर कामाला लागतात, म्हणून तिच्यावरून सांगतो.

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे अक्षरांना वळणं येतात, एक अक्षर पुढच्यात शिरतं. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. पूर्णविराम नसतो. इकार एकच, उकार एकच. ऱ्हस्व-दीर्घ वाचणाऱ्यानेच समजून घ्यायचे. समजा, ओळ अशी आहे: 'मौजेमजकूरचेदेवळातीलदिव्यासतेल'. देवनागरीत लिहिली तरी क्षणभर अडखळायला होतं. मोडीत ती वाचताना नवशिक्याला प्रत्येक अक्षर आधी ओळखावं लागतं. ओळखलेली अक्षरं मनात धरून ठेवावी लागतात आणि कुठे तोडायचं ते ठरवावं लागतं. 'देवळाती' इथे तोडलं तर पुढे 'लदिव्यास' उरतं, म्हणजे चुकलं. मागे जायचं, पुन्हा जोडायचं. 'मौजे मजकूरचे देवळातील दिव्यास तेल.' म्हणजे याच गावच्या देवळातल्या दिव्याला तेल.

एका ओळीत तीन कामं झाली: पटकन ओळखणं, ओळखलेलं धरून ठेवणं, आणि चूक दिसताच पहिला अंदाज सोडून देणं. वयाबरोबर मंदावतात ती नेमकी हीच तीन. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं; संदेश वेगाने जायला ते लागतं. वय वाढतं तसं ते जागोजागी विरळ होतं. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो एका वेळी चार गोष्टी हाताळतो आणि नको असलेली बाजूला सारतो, तो इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त आकसतो. म्हातारपणी मेंदूतल्या पेशी भराभर मरत जातात ही समजूत मात्र जुनी झाली. निरोगी माणसात पेशींपेक्षा त्यांच्यातले सांधे जास्त कमी होतात, आणि सांधे आयुष्यभर नव्याने जुळूही शकतात.

वेग काही साठीला एकदम उतरत नाही. तो तिशीच्या आसपासच उतरणीला लागतो, फक्त तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते नावं आठवेनाशी होतात तेव्हा. समोरचा माणूस कुठे भेटला होता, त्याचा मुलगा काय करतो, सगळं आठवतं. नाव जिभेवर येऊन अडतं. त्याचंही कारण आहे. त्या माणसाविषयीच्या बाकीच्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक सापडली की दुसरी ओढली जाते. नावाला अर्थाचा असा आधार नसतो. ते एकाच धाग्याला बांधलेलं असतं, आणि तो धागा सैल झाला की दुसरी वाट नसते. घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही.

आता दुसरी बाजू. लिपीची ओळख होते आणि वर्गात खरे कागद येतात, तेव्हा चित्र पालटतं. विशीतल्या मुलीला अक्षरं भराभर लागतात, पण 'खंडी' आणि 'पायली' आली की ती थांबते. आपण बरोबर वाचलं की चूक, हेच तिला कळत नाही. शेजारच्या आजोबांनी लहानपणी घरात पायलीने धान्य मोजलेलं पाहिलेलं असतं. वीस मणांची खंडी त्यांना पाठ असते. त्यांना 'पा' आणि 'ली' दिसली तरी पुरतं, मधलं अक्षर त्यांचं डोकं भरून काढतं. तलाठ्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला वतनाच्या कागदात पुढचा शब्द कोणता येणार ते आधीच कळतं. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे असे दोन भाग मांडले: नवं कोडं तिथल्या तिथे सोडवणारी चपळ बुद्धी, आणि आयुष्यभराच्या वापरातून साठलेली बुद्धी. पहिली लवकर उतरते. दुसरी, म्हणजे शब्दसंपत्ती, माणसांची पारख, आपल्या विषयाची जाण, साठीपर्यंत आणि बऱ्याच जणांत त्यानंतरही वाढत राहते.

हे फार दिवस नीट कळलं नव्हतं, त्याचं कारण सांगण्याजोगं आहे. पूर्वी विशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसांना एकाच दिवशी परीक्षेला बसवत, गुणांतला फरक पाहत आणि बुद्धी तरुणपणापासून घसरते असं म्हणत. के. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये माणसं निवडली आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासायला सुरुवात केली. हा अभ्यास कित्येक दशकं चालला. तेव्हा दिसलं की आधीच्या फरकातला बराच वाटा वयाचा नव्हताच. म्हातारी पिढी मुळात कमी शिकलेली होती. त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना केली तर वेग सोडून बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून होत्या, आणि त्यानंतर कोण किती उतरलं यात माणसामाणसांत प्रचंड तफावत होती. ही तफावत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वय सगळ्यांचं सारखंच वाढतं, पण परिणाम सारखा नसतो. म्हणजे मधे काहीतरी असं आहे ज्यावर थोडाफार आपला हात चालतो.

त्यातलं एक म्हणजे कुतूहल. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची एक सरळ मांडणी केली. आपल्याला ठाऊक आहे ते आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटतं ते, यांतली फट नजरेला आली की कुतूहल जागं होतं. फट दिसायला मात्र आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं. ज्याला मराठ्यांच्या इतिहासातलं काहीच माहीत नाही त्याला आरंभीच्या त्या अरबी शब्दांनी काहीच वाटलं नसेल. ज्याला ही सालं मोजण्याची पद्धत तोंडपाठ आहे त्यालाही नाही. अस्वस्थ झाले असतील ते मधले वाचक.

ही अस्वस्थता मेंदूत दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात मॅथियास ग्रुबर, चरण रंगनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण मुलांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची किती ओढ आहे ते विचारलं. मग त्यांना स्कॅनरमध्ये ठेवून पुन्हा तो प्रश्न दाखवायचा, १४ सेकंद थांबायचं आणि मग उत्तर दाखवायचं. त्या थांबण्याच्या काळात पडद्यावर एका अनोळखी माणसाचा चेहरा यायचा. नंतर परीक्षा घेतली तेव्हा ओढ लावणाऱ्या प्रश्नांची उत्तरं जास्त लक्षात राहिली होती. ते अपेक्षितच होतं. पण त्या प्रश्नांच्या वेळी दाखवलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले होते, आणि त्या चेहऱ्यांचा प्रश्नांशी काहीच संबंध नव्हता. उत्तराची वाट पाहत असताना मेंदूतला डोपामिनचा मार्ग, म्हणजे आवडीचा पदार्थ समोर येणार म्हटल्यावर जागा होतो तोच, जागा झाला होता, आणि आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग त्याच्याबरोबरीने काम करत होता. थोडक्यात, कुतूहल जागं असताना मेंदू हवी ती गोष्ट तर टिपतोच, आजूबाजूचंही टिपतो.

आता उत्तर. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. हा शुहूर सन. तो मृग लागला की बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६० चा मृग ते १७६१ चा मृग. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं.

हे कळताक्षणी पुढचे प्रश्न आपोआप उभे राहिले असतील. देवळातल्या दिव्याच्या तेलाचा कागद याच सालातला असेल तर तो पानिपताच्या आधीचा की नंतरचा? बातमी गावात पोचली होती का? लिहिणाऱ्याच्या घरचं कुणी तिकडे गेलं होतं का? पानिपताची माहिती आपल्यापाशी आधीपासून होती, म्हणून एका सालाच्या उत्तरातून इतके प्रश्न फुटले. माझं सगळं म्हणणं इथे येतं. साठा जितका मोठा, तितक्या त्याच्या कडा जास्त, आणि प्रश्न फुटतात ते कडांवर. कुतूहल हा लहान मुलांचा गुण आहे, वय झालं की ते ओसरतं, असं आपण धरून चालतो. यंत्रणा पाहिली तर सत्तरीतल्या माणसापाशी कुतूहलाला लागणारा कच्चा माल नातवापेक्षा कितीतरी जास्त आहे. डोपामिनची यंत्रणा वयाबरोबर थोडी मंदावते हे खरं. पण ज्या गोष्टीची उत्सुकता वाटली ती जास्त लक्षात राहते, हा फायदा वृद्धांवरच्या प्रयोगांतही टिकून असलेला दिसला आहे.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचं उदाहरण इथे अगदी चपखल बसतं. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या संपादनाला जोडायची म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना त्यांनी योजली. ती लिहिताना प्रश्नांतून प्रश्न निघत गेले आणि प्रस्तावनेचे पाच खंड झाले. पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा काणे पन्नाशीत होते. अखेरचं काम १९६२ साली बाहेर आलं तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. साडेसहा हजारांहून जास्त पानांचं हे काम, आणि त्याचा मोठा भाग ज्या वयाला आपण निवृत्ती म्हणतो त्या वयातला.

मग इतक्या घरांत वडीलधाऱ्यांचं कुतूहल विझलेलं का दिसतं? माझ्या पाहण्यात त्याचं मोठं कारण मेंदूच्या बाहेर आहे. दिवसात फटी पडायलाच वाव राहत नाही. तोच रस्ता, तोच बाक, मोबाइलवर आपल्या मताला दुजोरा देणारे तेच संदेश. त्यात घरचे प्रेमाने म्हणतात, 'बाबा, तुम्ही राहू द्या, मी करतो.' रेल्वेचं आरक्षण मुलगा करतो, बँकेचं काम सून करते, नवा मिक्सर आला की आजीला त्याला हात लावू देत नाहीत. काळजीपोटी एकेक प्रश्न त्यांच्यापुढून उचलून नेला जातो. मुलांनी हे थांबवावं असं मला मनापासून वाटतं. वेळ लागला तर लागू द्या, चुकलं तर चुकू द्या, पण आरक्षण त्यांचं त्यांना करू द्या.

आपलं आपल्यालाही एक करता येतं. प्रश्न पडला की लगेच फोनवर शोधायचं नाही. आधी अंदाज बांधायचा, शक्य तर मोठ्याने सांगायचा, मग पाहायचं. थांबण्याच्या त्या थोड्या काळात काय होतं ते वर आलंच आहे. शिवाय आठवून पाहण्याने आठवण पक्की होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर कितीतरी जास्त लक्षात होता. मोडीच्या बाबतीत याचा अर्थ असा: तक्ता समोर ठेवून वीस वेळा गिरवण्यापेक्षा तक्ता उलटा ठेवून पाच वेळा आठवून लिहा. जे अक्षर अडलं तेवढंच पाहा. आणि रोज थोडं करा. रविवारी एकदम चार तास बसून तितका उपयोग होत नाही.

आता शब्दकोड्याकडे वळू. मुरलेला कोडी सोडवणारा साठ्यातलंच काढत असतो. 'आडवे ७' त्याच्या हाताला सवयीने येतं. त्यात आनंद आहे, तो घालवू नये. पण नवं काही घडत नाही. अमेरिकेत २८३२ वृद्धांवर एक मोठा प्रयोग झाला. कुणाला स्मरणशक्तीचं शिक्षण दिलं, कुणाला तर्काचं, कुणाला वेगाचं. ज्यांनी जे घोटलं त्यांचं मुख्यतः तेच सुधारलं. डेनिस पार्क यांनी डॅलसमध्ये दुसरा रस्ता धरला. तो प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ ते नव्वद वयाच्या माणसांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, कुणाला डिजिटल फोटोग्राफी शिकवली, कुणाला गोधडीसारखं कलाकुसरीचं शिवणकाम. तुलनेसाठी काही जण नुसते एकत्र जमत, गप्पा मारत, सहलीला जात. काही जण घरी बसून सोपी कोडी सोडवत, गाणी ऐकत. अखेरीस आठवणीच्या चाचण्यांत नवं आणि अवघड काही शिकणारे पुढे होते, विशेषतः फोटोग्राफीवाले. कॅमेऱ्याची बटणं, संगणकावरचं काम, प्रकाशाचा अंदाज, सगळं एकदम डोक्यावर येत होतं आणि दर आठवड्याला त्यात भर पडत होती.

यावरून निवडीची कसोटी मिळते. काम आपल्याला नवं हवं, पायरी-पायरीने अवघड होत जाणारं हवं, आणि आपला जुना साठा त्यात कुठेतरी उपयोगी पडणारा हवा. तिसरी अट कुणी फारशी सांगत नाही, पण मी तिच्यावर भर देईन, कारण तीच माणसाला पहिल्या महिन्याच्या वैतागातून तारून नेते. सुगरण आजीने रसायनशास्त्र वाचावं: डाळीचं पीठ का आंबतं, पाक एकतारी का होतो. शेतकऱ्याने पक्षी ओळखायला शिकावं. हार्मोनियमवर हात बसलेल्याने स्वरलेखन शिकावं. मोडी तिन्ही अटी पुऱ्या करते. मात्र इतिहासात रस नसेल तर ती मुळीच शिकू नये.

नव्या शिकण्याने म्हातारपणाचे आजार टळतात का, हा प्रश्न येणारच. सरळ 'हो' म्हणता येत नाही, पण एक दिलासा आहे. रॉबर्ट कॅट्झमन यांच्या गटाने १९८८ मध्ये एका शुश्रूषागृहातल्या १३७ वृद्धांच्या मेंदूंची मृत्यूनंतरची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत दहा जण असे निघाले की मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या, आणि हयातीत मात्र ते त्या गृहातल्या सगळ्यांत हुशार लोकांत मोडत. पुढे याकोव्ह स्टर्न यांनी याला बौद्धिक शिलकीचं तत्त्व म्हणून मांडलं. शिक्षण, डोकं लावायला लावणारं काम, छंद यांतून मेंदूला एकच काम दोन-चार वाटांनी करायची सवय लागते. एक वाट बंद झाली तरी काम अडत नाही. रोग थांबत नाही. त्याचा परिणाम दिसायला उशीर होतो.

आपल्याजवळचा पुरावा हैदराबादचा आहे. तिथल्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ च्या त्या अभ्यासात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजाराची लक्षणं एकभाषी रुग्णांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक होता. जगातल्या इतर काही अभ्यासांत तो मिळाला नाही, म्हणून यावर फार मोठा इमला उभारू नये. पण बेळगावात मराठी-कन्नड किंवा गोव्यात कोंकणी-मराठी सहज बोलणाऱ्यांनी तिसऱ्या भाषेला घाबरायचं कारण नाही, एवढं नक्की. अक्षरओळखही कुठल्या वयात व्हावी याला बंधन नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरू लागली. साठ ते नव्वद वयाच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसल्या, आणि अंगठ्याच्या जागी स्वतःची सही करू लागल्या.

हे सगळं ज्याच्या जोरावर चालतं ते शरीर. यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही ऐकलेल्या आहेत, म्हणून दोनच ठिकाणी रेंगाळतो. पहिलं चालणं. कर्क एरिक्सन आणि आर्थर क्रेमर यांच्या २०११ च्या प्रयोगात १२० वृद्धांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं भरभर चालायला लावलं, उरलेल्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला होता. दुसऱ्या गटाचा वयाप्रमाणे थोडा घटला होता.

दुसरं कान. याकडे आपल्याकडे भयंकर दुर्लक्ष होतं. चष्मा लावायला कुणाला लाज वाटत नाही, श्रवणयंत्राला मात्र वाटते. कमी ऐकू येणारा माणूस अर्धी शक्ती शब्द ओळखण्यातच घालवतो. बोलण्याचा अर्थ लावायला, उलट प्रश्न विचारायला त्याच्याकडे उरतच नाही. मग तो चारचौघांत गप्प बसू लागतो आणि घरच्यांना वाटतं, यांना आता कशात रस राहिला नाही. स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर उपाय होऊ शकतो अशी चौदा कारणं 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये नोंदवली. त्यांत कमी ऐकू येणं वरच्या क्रमांकावर आहे. रक्तदाब, मधुमेह, नजर, एकटेपणाही त्याच यादीत आहेत. आणि मन मंदावल्यासारखं वाटलं तर 'वय झालं' म्हणून सोडून देण्याआधी बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, घेत असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता खूप आढळते, आणि ती भरून काढता येते. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं साधं आहे. रोजच्या वाटेवर चुकणं, हिशेब अचानक न जमणं, तोच प्रश्न तासाभरात अनेकदा विचारणं हे साधं नाही. त्यासाठी थेट मज्जाविकारतज्ज्ञांकडे जावं.

मोडीपासूनच सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी छापील तक्ता आणि स्वतःचं नाव-गाव. मग रोज चार ओळींची डायरी मोडीत. लिहिणाऱ्या हाताला वाचणाऱ्या डोळ्यापेक्षा अक्षर लवकर पाठ होतं. मग सुवाच्य छापील पत्रं. त्यानंतर एका जोडीदाराबरोबर खरा कागद. दोघांपैकी एक तरुण असेल तर फार उत्तम, एकाचा वेग आणि दुसऱ्याचा साठा एकाच ओळीवर येतो. पहिले काही आठवडे काहीच लागत नाही असं वाटेल. ते वाटणं साहजिक आहे, तिथे सोडू नका. एका कारकुनाचं अक्षर हाताखालून गेलं की दुसऱ्याचं घ्या. प्रत्येक हाताचं वळण निराळं, त्यामुळे हे काम कधी सरावाचं होऊन बसत नाही.

आणि कागदांना तोटा नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद हजारो रुमाल भरून आहेत, आणि त्यांतले कितीतरी अजून कुणी वाचलेले नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर निघालं तेव्हा तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणारे हुडकावे लागले. अशा वेळी वर्गात दोन वर्षं मन लावून बसलेले निवृत्त शिक्षक किंवा माजी तलाठी कामाचे ठरतात. कुणीतरी आपल्या वाचण्याची वाट पाहतं आहे हे कळलं की सकाळी कागद उघडायला वेगळं निमित्त लागत नाही.